हा वाटा कुणाचा?

पणदरे

आमच्या गावातली माणसं हल्ली विमानानं काशी करून येतात आणि आल्यावर महिनाभर पारावर तेच सांगत बसतात. मी पणदऱ्याहून निघालो, कळस केलं, कळंब केलं आणि परत पणदऱ्याला आलो. पोरं म्हणतील, याला काय प्रवास म्हणतात का? म्हणू दे. लांब गेलं म्हणजे जास्त दिसतं असं काही नाही. चौथीत माझी शाळा सुटली, पण अक्षर अजून वळणदार आहे, आणि बघितलेलं जसंच्या तसं सांगायला चौथी पुरते.

जायचं कारण आमची विहीर. विहीर सामाईक आहे, म्हणजे विहीर एक आणि घरं तीन. एक घर माझं. दुसरं माझ्या धाकट्या भावाचं. तो वारला, आता त्याचा पोरगा दत्ता बघतो. तिसरं भावकीतल्या पारू वहिनीचं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, पाण्याची बारी लावून दिली होती. सोमवार-मंगळवार माझा, बुधवार-गुरुवार वहिनीच्या घरचा, शुक्रवार-शनिवार धाकट्या भावाचा. रविवारी विहिरीला सुट्टी. त्या दिवशी कुणी पाणी उपसायचं नाही, झऱ्यांनी विहीर भरू द्यायची. मोट गेली, इंजिन आलं; इंजिन गेलं, मोटर आली. बारी जागची हलली नाही. भावकीत कोर्टकचेऱ्या झाल्या त्या बांधावरनं झाल्या, पाण्यावरनं कधी झाल्या नाहीत. याचा मला अभिमान होता आणि आहे.

पण शेतीची लाईट आता अर्धा आठवडा दिवसा येते आणि अर्धा आठवडा रात्री. आमच्याकडं सोमवार ते गुरुवार दिवसा, शुक्रवारपासून रात्री. म्हणजे मी आणि वहिनी उजेडात दारं धरतो, सरीसरीत पाणी वळवतो, आणि दत्ता तेच काम अंधारात करतो. उसात साप असतो, तो पहिल्यापासून आहे. हल्ली बिबट्याही असतो. मागं एकदा दत्ताच्या सरीत पंजे उमटलेले सापडले, तेव्हापासून त्याच्या बायकोनं त्याला एक काठी करून दिली. आमचे बैल विकले तेव्हा गळ्यातली घुंगरं राहिली होती, ती तिनं काठीच्या टोकाला बांधली. आवाजानं जनावर बाजूला होतं म्हणे. दत्ता ती काठी आपटत रात्री शेतात जायचा, आणि मी ओट्यावरनं म्हणायचो, "काय दत्तोबा, पोळा हाय का आज?"

तो हसायचा नाही.

बारी फिरती करा, असं तो वर्षभर म्हणत होता. मी म्हणत होतो, "आप्पांनी लावलेली बारी हाय. ती मोडायची न्हाय." शेवटी शिमगा झाल्यावर एका सकाळी तो आला आणि उभ्यानंच बोलला, "ऱ्हाऊ द्या तात्या तुमची बारी. मी माझ्या वावरात बोअर घेतो. गाडी सांगितलीय."

आता बोअर त्याच्या वावरात, पण वावर विहिरीला लागून. तिथं खोल भोक पडलं की विहिरीचा झरा खालच्या खाली ओढला जाणार. त्यानं घेतलं की वहिनी घेणार, वहिनीनं घेतलं की मी कशाला मागं राहू? मग तीन बोअर आणि मधे एक कोरडा खड्डा. आप्पांनी पहारीनं खडक फोडून काढलेली विहीर माझ्या डोळ्यांदेखत बुजणार.

दत्ता पाणाड्याला सांगायला कळसला निघाला होता. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ धरून जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा माणूस. मी म्हटलं, "मला बी ने. तितनं पुढं कळंबला शालनकडं सोड, त्यांच्या वस्तीवर म्हसोबाची जत्रा हाय." शालन माझी लेक, इंदापूर तालुक्यात दिलेली. जत्रेचं खोटं नव्हतं. पण खरं कारण असं, की वाटेत त्याला वळवायचा. मोटरसायकलवर मागं बसलेल्या माणसाचं पुढच्याला ऐकावंच लागतं.

बारामती

हे माझं गणित चुकलं. मोटरसायकलवर वारा असतो, आणि पुढच्याला काहीच ऐकू येत नाही. मी कालव्याच्या कडेनं दोन-तीन मैल बोअरचे तोटे सांगितले, तेव्हा दत्ता मान मागं करून म्हणाला, "काय म्हणलासा?"

मी मोठ्यानं सांगायला पुढं वाकलो आणि माझी टोपी उडाली. सरळ कालव्यात. कालवा तेव्हा भरून चालला होता. दत्तानं गाडी थांबवली. आम्ही दोघं भरावावर उभं राहून बघत होतो. टोपी उलटी पडली होती आणि होडीसारखी, अजिबात घाई न करता निघाली होती.

"चालली इंदापूरला," दत्ता म्हणाला. "आपल्या आधी पोचतीय."

"पोचत न्हाय," मी म्हटलं. "वाटंत सगळी दारं उघडून बसल्यात. टोपीबी अडवतील."

बरेच दिवसांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो. पण डोकं उघडं पडलं होतं, आणि लेकीच्या घरी उघड्या डोक्यानं जाणारा बाप मी नव्हे. उपरणं गुंडाळून बारामतीत शिरलो आणि आधी टोपीचं दुकान शोधलं. दुकानदार पोरगेला होता. म्हणाला, "आजोबा, ही टोपी आता कोण घालतंय? कॅप घ्या, उन्हाला बरी." मी म्हटलं, "ऊन मला ओळखतं. टोपी दाव." कडक, दुपदरी, माझ्या मापाची शेवटी सापडली ती त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर, धुळीत.

बारामती आता ओळखू येत नाही. मी बैलगाडीनं गूळ घेऊन यायचो तेव्हाची बारामती वेगळी. आता रस्ते रुंद, कडेला झाडं रांगेत, गवतसुद्धा कापलेलं. आम्ही एका बागेच्या कडेला बसून घरनं आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दत्तानं वर एक वडापाव आणला, मी नको म्हणालो, मग अर्धा खाल्ला. समोर एक माणूस पाईप धरून फुलझाडांना पाणी घालत होता. ऊन चांगलं वर आलेलं.

दत्ता त्याच्याकडं बघत म्हणाला, "बघा तात्या. बारामतीत फुलांनाबी दिवसा पाणी."

मी दशमी चावत राहिलो.

कळस

बारामती सोडून पूर्वेला निघालं की जमीन हळूहळू वेगळं बोलायला लागते. आमच्याकडं ऊस म्हणजे माणूस दिसत नाही असा. इकडं ऊस पातळ होतो, मग तुकड्या-तुकड्यानं दिसतो, मग डाळिंबं सुरू होतात. झाडाच्या बुडाशी काळी नळी, नळीला भोक, भोकातून थेंब. आमचं पाटपाणी बघितलेल्या माणसाला ते बघून घशाला कोरड पडते. पण बागा काय राखल्यात! एक पान वाळलेलं नाही. थोड्या पाण्यात एवढं करणारी माणसं, मी मनात म्हटलं, आमच्या पाण्यावर काय करतील.

पाणाड्याची वस्ती गावापासून लांब, माळावर. गजाबापू त्याचं नाव. मला वाटलं, अंगात येणारा, भस्म लावणारा कुणी असेल. निघाला तो काळा गॉगल लावलेला गडी, दारात जीपगाडी. बसायला खुर्च्या दिल्या. त्याच्या बायकोनं पाणी आणलं ते फुलपात्रातून, आणि फुलपात्रही अर्धं. आमच्याकडं पाव्हण्यापुढं भरला तांब्या ठेवतात. तो पितो किती, चूळ भरून टाकतो किती, कुणी बघत नाही. मी ते अर्धं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि आणखी मागायची लाज वाटली. त्या घरात पाणी मागणं म्हणजे जेवताना दुसऱ्याच्या ताटातलं मागणं, असं काहीतरी.

दत्तानं काम सांगितलं. गजाबापू म्हणाला, "येतो की रविवारी. नारळ हातावर आडवा धरायचा, चालायचं. पाणी आलं की नारळ उभा ऱ्हातो. आजवर माझा नारळ खोटा पडला न्हाय."

मी म्हटलं, "आमच्या विहिरीला आप्पांनी नारळ नव्हता धरला. पहार धरली होती."

"तात्या, तवा पाणी वर होतं," तो म्हणाला. त्याला राग आला नाही. "चला, तुमाला माझी डाळिंबं दावतो."

डाळिंबाच्या कडेनं चालताना बांधावर मला दगड दिसले. एकेक दगड, मोठा, मुद्दाम ठेवलेला. थोडं पुढं परत एक, त्याच्यापुढं आणखी. मला वाटलं, देव असतील. शेंदूर दिसेना, म्हणून विचारलं.

"देव न्हाय वो," गजाबापू म्हणाला. "बोअरची तोंडं हायेत. शेळ्या-करडं पडू नयेत म्हणून दगड ठेवलाय."

"म्हंजी पाणी न लागलेली?"

"लागलेली!" तो दुखावला. "सगळी लागली. मीच दावली. हे लागलं, वरीसभर धो-धो चाललं. मग शेजाऱ्यानं माझ्या खाली घेतलं. मग मी त्याच्या खाली घेतलं. मग त्यो."

"आणि आता?"

"आता दोघंबी टँकर सांगतो." गॉगल काढून तो पुसायला लागला. "एकाच टँकरवाल्याला."

यावर तोच मोठ्यानं हसला. मी दत्ताकडं बघितलं. मी एक शब्दही न बोलता माझं काम या माणसानं केलं होतं. पण दत्ता म्हणाला, "आमचं वावर कालव्याच्या खाली हाय बापू. आमच्याकडं असं व्हायचं न्हाय. तुमी रविवारी या." आणि रविवार ठरला.

तिथून निघालो तेव्हा मला राहवेना. वारा असो नसो, मी त्याच्या कानात सुरू केलं. दगड बघितलेस का, एकाखाली एक, उद्या आपल्या बांधावर असेच दगड, आप्पांची विहीर, असं सगळं. दत्तानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली, आणि न उतरता, माझ्याकडं न बघता बोलला.

"तात्या, बोअर वाईट. मला डोळं हायेत. समजलं मला."

"मग?"

"मग रातीचं काय, ते सांगा. बायकू पोरांना घिऊन दारात बसून ऱ्हाती, मी येईस्तवर. दर शुक्कर-शनिवार. तुमी काठीवरनं हसता. हसा. पर रातीचं काय करायचं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, "आप्पांनी..."

त्यानं गाडी चालू केली.

कळंब

शालनची वस्ती कळंबच्या शिवारात, दहा-बारा घरांची. आम्ही पोचलो तेव्हा म्हसोबाला शेंदूर नवा होता, हलगी वाजत होती, आणि लेक दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी. ओवाळून टाकलं, मग डोळे पुसत म्हणाली, "तात्या, वाळलासा." लेकीला बाप नेहमी वाळलेलाच दिसतो. मला बरं वाटलं.

माझे व्याही, शालनचे सासरे, त्यांना सगळी वस्ती आबा म्हणते. थट्टेखोर माणूस. टोपीची हकिगत दत्तानं सांगितली तशी ते हलगी थांबवून सगळ्यांना सांगायला लागले: "ऐका रं! पाव्हण्यांनी टोपी सोडलीय कालव्याला. आमाला टेलच्या, कालव्याच्या शेपटाच्या लोकास्नी वरच्यांनी आजवर पाणी सोडलं न्हाय, टोपी तरी सोडली. लक्ष ठेवा, यील!"

मी म्हटलं, "आली तर धुऊन पाठवा. पाणी असलं तर."

"हे बघा! पाव्हणं आलं न्हाईत तवर लागलं की वर्मावर!" आणि मला मिठी मारली. वरच्या आणि खालच्या लोकांत एवढं बोलणं चालतं. सोयरीक असल्यावर जास्तच चालतं.

दुपारनंतर वाटे घालायची वेळ झाली. इथं मला सगळं नीट सांगायला पाहिजे, कारण आमच्या गावात हे आता राहिलं नाही. आमच्याकडं ज्याला जेवढं मटण पाहिजे तेवढं तो दुकानातून तोलून आणतो. इथं सगळ्या घरांनी मिळून बकरी घेतली होती. ती म्हसोबाला दाखवली, कापली, आणि सगळं मटण एका ताडपत्रीवर घेतलं. वाटे घालायचे आबांनी. म्हणजे जेवढी घरं तेवढे ढीग. प्रत्येक ढिगात मांडीचं थोडं, बरगडी थोडी, काळजाचा तुकडा, चरबी. आबा वाकून फिरत होते. या ढिगातला तुकडा उचलून त्या ढिगात, परत मागं येऊन आणखी एक हलवायचा. सोनारासारखं चाललं होतं. भोवती बायामाणसं, पोरं, सगळे बघत होते आणि टोचत होते: "आबा, त्या कडंच्याला काळीज कमी दिसतंय." "आबा, नळ्या सगळ्या एकीकडंच का पळाल्या?" नळी म्हणजे मांडीचं पोकळ हाड, आतला गर ओढून खायचा. नळ्या थोड्या आणि घरं जास्त, त्यामुळं नळी सगळ्यांना येत नाही. कितीही नीट वाटलं तरी कुठलातरी वाटा उजवा होतोच आणि कुठलातरी डावा.

मग आबा म्हणाले, "पाव्हण्याला पाठ करून उभं करा."

दत्ताला उभा केला. त्याला आधी घरांची नावं म्हणून दाखवली, चारदा म्हणून घेतली. त्यानं ताडपत्रीकडं पाठ केली. वाकड्या नजरेनं बघू नये म्हणून शालननं त्याच्या डोळ्यावर माझं उपरणं बांधलं. आबांनी एका ढिगावर हात ठेवला आणि ओरडले, "हा वाटा कुणाचा?"

"किसनचा," दत्ता म्हणाला.

किसन पुढं आला, वाटा परातीत घेऊन बाजूला झाला.

"हा कुणाचा?"

"सोपानकाकाचा."

त्या ढिगात दोन नळ्या होत्या. हा सोपानकाका मघाशी हलगीवाल्याशीही भांडला होता आणि आबांशीही, मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानं वाटा उचलला, आबांकडं बघून मिशीवरनं हात फिरवला. आबा म्हणाले, "खा लेका, म्हसोबाची मर्जी." कुणी हरकत घेतली नाही. माझ्या मनात आलं, वाटे घालणारा आबा आणि नाव घेणारा दत्ता. एकाला ढीग माहीत आहेत पण कुणाला जाणार ते माहीत नाही. दुसऱ्याला नावं माहीत आहेत पण ढीग दिसत नाहीत. भांडायचं झालं तर भांडणार कुणाशी?

शेवटचा वाटा राहिला तो आबांच्या घरचा. म्हणजे आमच्याच जेवणाचा. त्यात बरगड्याच बरगड्या, आणि नळी एकही नाही.

आता माझा स्वभाव सांगतो. मी व्याही आहे. जत्रेला आलोय. माझ्या ताटात नळी नाही, हे मला मानवलं नाही. रात्रीच्या जेवणाला पंगत बसली, शालननं रस्सा वाढला, ज्वारीची भाकरी अशी की बोटांत मोडावी. रस्सा झणझणीत होता, त्यात खोटं काही नाही. पण मी बोललोच: "आबा, वाटं तर तुमीच घातलं. आपल्या घरासाठी एक नळी बाजूला पडली न्हाय व्हय? मागल्या साली तर तुमच्याकडं दोन होत्या, शालननं फोनवर सांगितलं होतं."

"मागल्या साली होत्या," आबा बरगडी चोखत म्हणाले. "तात्या, म्हसोबा व्याही बघत न्हाय."

"तसं न्हाय, पर पाव्हण्याचं..."

"अवं, दरसाल उजवा वाटा एकाच घरात गेला, तर त्याला वाटा कशाला म्हणायचं? वतन म्हणा की."

पंगत हसली. दत्ता हसला नाही. तो ताटात बघत जेवत होता.

मला वाटलं, यानं माझ्या मागं सगळं सांगितलंय. विहिरीचं, सोमवार-मंगळवारचं, काठीचं. आणि आबांनी मला भर पंगतीत फटकावलंय. हात धुवायला उठलो तसा मी दत्ताला गाठला.

"तू आबास्नी विहिरीचं बोललास?"

"न्हाय तात्या."

"म्हसोबाची आण?"

"म्हसोबाची आण. मटणाचं बोललं ते." मग म्हणाला, "तुमाला विहिरीचं का वाटलं?"

माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी संपलं होतं, तरी मी हात धुतच होतो.

पुन्हा पणदरे

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. कालवा लागला तेव्हा मी त्याला थांबायला सांगितलं. भरावावर उभा राहून पाणी बघितलं. टोपी जिथं पडली ती हीच जागा होती की पुढची, ते काही कळेना. पाण्याला खूण नसते.

आप्पांनी बारी लावली ती चांगलीच लावली, हे मी आजही म्हणतो. मोटेला काय, बैल दिवसाच चालायचे. तेव्हा सोमवार आणि शुक्रवार सारखेच होते, तिन्ही ढीग बरोबर होते. आप्पांनी वाटे घातले होते. रात्र-दिवस नंतर वेगळे झाले आणि नळी माझ्या ढिगात येऊन पडली. मी ती उचलून ठेवली नव्हती. पण दरसाल माझ्याच ढिगात पडते, हेही खरं.

दत्ता मागं येऊन उभा होता. मी म्हटलं, "रविवारी गजाबापू येणार न्हवं? येऊ दे. पर बोअरच्या आधी विहिरीवर या, तिघंबी. मला एक काम हाय."

"कसलं?"

"आल्यावर कळंल." मी लगेच सांगणारा माणूस नाही.

रविवारी सकाळी विहीर सुट्टीवर होती. पाणी वर आलं होतं, पहिल्या पायरीला लागलेलं. पारू वहिनी कमरेवर हात ठेवून आली. दत्ता आला. गजाबापू गॉगल लावून, हातात शेंडीचा नारळ घेऊन आला. मी विहिरीच्या कठड्यावर तीन दगड मांडले आणि सांगितलं: हा सोम-मंगळ, हा बुध-गुरू, हा शुक्र-शनी, म्हणजे रात्रीचा. ज्याचं नाव ज्या दगडाला येईल, त्याची बारी ती. अमावस्या झाली की परत नव्यानं. नावं घ्यायला बाहेरचा माणूस पाहिजे, तो आलेलाच आहे.

वहिनी म्हणाली, "आन् रातीचं माझ्या कपाळी आलं तर वो भावजी?"

"तर तुमी जायचं, न्हाय तर तुमच्या लेकानं."

"लेक कशाला? मी जाईन. बिबट्याला सांगा घरी ऱ्हायला." मग दत्ताकडं बघून, आवाज खाली घेऊन म्हणाली, "वरीस झालं पोरगं बोंबलतंय. मला म्हणायचं होतं, पर तुमचा आवाज मोठा."

गजाबापू म्हणाला, "मी पाणी दावायला आलोय. तुमी मला पाठ करायला लावताय."

"आजवर पाणी बघून वाटोळं केलंत," मी म्हटलं, "आज न बघता दावा."

तो गॉगलमागनं हसला, आमची तिघांची नावं एकदा म्हणून दाखवली आणि वळून उभा राहिला. दत्तानं त्याच्या डोळ्यावर उपरणं बांधलं, गॉगलसकट. तेच उपरणं.

मी मुद्दाम रात्रीच्या दगडापासून सुरुवात केली. हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता. "हा वाटा कुणाचा?"

गजाबापूनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. या वेळेला मला तिघांची नावं आलटून पालटून डोळ्यापुढं आली, आणि खरं सांगतो, दत्ताचं नाव येऊ नये असं वाटत होतं. माझं यावं असं मात्र वाटत नव्हतं.

"तात्यांचा," गजाबापू म्हणाला.

मग दत्ताच पुढं झाला. "ही धरायची न्हाय. परत घ्या. तात्यांचं वय हाय का रातीचं..."

"गप," मी म्हटलं. "वाटा उचलल्यावर परत घालत न्हाईत. किसननं घातला होता का?"

"कोण किसन?" वहिनी म्हणाली.

पुढचे दोन दगड झाले. दत्ताला सोम-मंगळ आला, वहिनीला तिचाच बुध-गुरू. ती म्हणाली, "बघा, देवबी मला भितो." गजाबापूनं उपरणं सोडलं आणि नारळ हातावर घेऊन दत्ताला विचारलं, "कुठनं सुरू करू?"

दत्तानं विहिरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बापू, आज नारळ फोडा," तो म्हणाला. "उभा करायचं अमुशानंतर बघू. बोअरच्या गाडीवाल्याला मी कळवतो." त्यानं बोअर सोडला असं मी लिहिणार नाही, कारण तसं तो म्हणाला नाही. पण नारळ विहिरीच्या पायरीवर फुटला, खोबरं सगळ्यांनी खाल्लं, आणि पाणाड्याला आम्ही टॉवेल-टोपी देऊन, भरल्या तांब्यानं पाणी पाजून वाटेला लावला. दोन तांबे प्यायला.

आज शुक्रवार. दिवस कलला आहे, लाईट यायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हे लिहून पुरं करतोय. बॅटरी चार्जिंगला लावली आहे. दुपारी दत्ता येऊन गेला, "मी सोबत येतो" म्हणाला. मी म्हटलं, "तुझी बारी सोमवारी." मग तो दाराच्या कोपऱ्यात घुंगरांची काठी उभी करून गेला.

आता उठलो, टोपी घातली, काठी उचलली, तर ही एवढी घुंगरं वाजली. पलीकडच्या ओट्यावर वहिनी गहू निवडत बसली होती. ती काय सोडते?

"भावजी! कुणाचा बैल निघाला ह्यो?"

"आमचाच हाय, वहिनी," मी म्हटलं. "त्याच्या वाट्याचं पाणी धरायला निघालाय."